खिडकी ओनोफ्रेच्या बाजूला

आग लागली तेव्हा ओहोटी होती.
हे आधी सांगते, कारण बेटाबाहेरचे लोक विचारतात,
समुद्र दारात असून घर जळलंच कसं.
समुद्र दारात नव्हता. हाकेच्या पलीकडे,
चिखल संपतो तिथे काळा पसरून पडला होता,
जुलैच्या थंडीत, रात्री दोन वाजता,
आणि माझ्या छपरात धुराडं लाल होऊन बसलं होतं.

मी काय वाचवलं? कुलपाची किल्ली.
आणि अर्धवट विणलेला एक मोजा, सुयांसकट.

चिखलातून पहिली बादली आणली ओनोफ्रेने.
ओनोफ्रे नाउएलकिन. कुंपणाच्या तीन खांबांवरून
अकरा वर्षं आमचं बोलणं बंद.
तो अनवाणी होता. बादलीत अर्धं पाणी,
अर्धी वाळू नि शेवाळ,
आणि त्याने ते आगीवर असं फेकलं
जसं रागाने कुणाच्या तोंडावर फेकावं.
मग त्याच्यामागे सगळे. शाळेची बाई, बार्रियाचे पुतणे,
आठ महिन्यांची पोटुशी रोसेंदा,
जिला सगळे परत जा म्हणत होते
आणि जी जात नव्हती.

घर वाचलं नाही.
आजोबांनी तासलेल्या फळ्या, साठ वर्षं चुलीशेजारी सुकलेल्या.
भरतीला अजून सहा तास होते.
सकाळी ती आली, अगदी वेळेवर.
तिच्याकडे कुणी पाहिलं नाही.

नंतर वस्तू येऊ लागल्या.
बटाट्यांची पोती. तीन कढया, एकीलाही झाकण नाही.
पाद्रीबाबांचा जुना कोट, खिशात कुणाच्या तरी लग्नाची यादी.
एका म्हातारीने डावा बूट पाठवला,
उजवा सापडला की देते म्हणाली. दिला.
घेताना मान खाली जाते.
देणाऱ्यांना ते कळत असावं,
म्हणून शाळेच्या पायरीवर ठेवून निघून जायचे, न थांबता.
आईने शिकवलं होतं, वाटीभर पीठ उसनं आणलं
तर वाटी शिगोशीग परत करायची.
पण घर उसनं आणलं तर?

कारण सप्टेंबरात त्यांनी घरच आणलं.
बार्रियाचं, खाडीपलीकडचं;
मुलगा पुंता अरेनासला गेला, तो तिकडचाच झाला.
आमच्याकडे याला मिंगा म्हणतात, सगळ्या गावाची इर्जिक.
जोत्यावरून घर सोडवायचं, रिकामी पिंपं बांधायची,
आणि या वेळी भरतीची वाट पाहायची.
एका सकाळी सात होड्यांच्या मागे
एक पिवळं घर पाण्यातून येताना दिसलं,
खिडक्यांत पडदे तसेच,
छपरावर एक पोरगा ओरडतोय, डावीकडे, डावीकडे!

मग बैल. आठ जोड्या, करकरणारे दोर, खाली ओंडके.
चढावर बैल थांबले ते काही केल्या वळेनात.
माझं जुनं घर समुद्राकडे बघायचं.
हे अडकलं असं, की स्वयंपाकघराची खिडकी
थेट ओनोफ्रेच्या डुकरांकडे.
राहू दे, मी म्हणाले.
असंच? वाकडं?
राहू दे.

जेवण घरधनिणीने घालायचं, ही रीत.
त्यांनीच दिलेले बटाटे, त्यांच्याच कढयांत शिजवून,
झाकणाऐवजी फळी ठेवून, मी त्यांनाच वाढले.
रोसेंदा, कडेवर तान्ही, इतकी हसली की ठसका लागला.

दाराच्या चौकटीवर रेघा आहेत.
एर्विन, सहा वर्षं. एर्विन, सात.
रंग देताना तेवढी पट्टी मी सोडली.

ओनोफ्रेला अजून आभार म्हटलेलं नाही.
शब्द जमवून कुंपणापर्यंत जाते, तिथे तोंड कोरडं पडतं.
तो सकाळी डुकरांना घालायला येतो,
खिडकीकडे बघत नाही.
मी किटली ठेवते. काचेवर वाफ धरते, मी पुसते,
पुन्हा धरते.

तो मोजा पुरा झाला.
सुरू केला तेव्हा माझ्या मापाचा होता,
आता बराच मोठा निघालाय.
दुसरा सुयांवर आहे.